पाय कापलेली खुर्ची

मामाजी, तुमची तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. मंडपाचे बांबू अजून अंगणात आडवे पडले आहेत, आणि पातेल्यांच्या ढिगातलं कोणतं आपलं नि कोणतं शेजारचं, ते मला अजून उमगलं नाही. तुमची लेक, ताराबाई, बसमध्ये चढताना मला म्हणाल्या, "वैनी, रडनं झालं असंल त दोन घास खाऊन घेजो." मी खाल्ले. भांडी तशीच ठेवली आणि लिहायला बसली. कुठे बसली ते शेवटी सांगते.

अंगणवाडीचं काम करते म्हणून लिहायची सवय आहे, आणि लिहायला लागली की शाळेची भाषा येते. मध्येच आपली आली तर समजून घ्या. भांडताना ती येतेच, आणि तुमच्याशी माझं एक भांडण बाकी आहे. त्या खुर्चीचे पाय तुम्ही काऊन कापले, याचं सरळ उत्तर तुम्ही मला एकदाही दिलं नाही.

सून सासऱ्याशी भांडते म्हणून गल्लीत माझं नाव होतंच. पण रीत मी मोडली नाही, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. डोक्यावर पदर. तुमच्यासमोर खाटेवर-खुर्चीवर बसणं नाही. तुम्हीही तुमच्या बाजूने पक्के. घरात पाय ठेवायच्या आधी दारात एकदा खाकरायचे, म्हणजे आतल्या सुनेने पदर सावरून घ्यावा. नवी आली तेव्हा मला ही खूण माहीत नव्हती. माझ्या माहेरी कोणी खाकरत नसे. मला वाटलं, म्हाताऱ्याला दमा आहे. मी तुळशी-अद्रकाचा काढा करून तुमच्यापुढे ठेवला. तुमचा लेक पोट धरून हसला. तुम्ही मात्र काढा मुकाट पिऊन टाकला आणि म्हणाले, "रोज नोको करू बाई, लय कडू हाय."

पुढे माझा गुडघा गेला. दिवसभर लेकरांसोबत खाली बसायचं, घरी आलं की भाजी चिरायला खाली बसायचं. मूल गावच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, खुर्ची वापरा. तुमच्या लेकाने बाजारातून लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी तिच्यावर धुतलेले कपडे ठेवू लागली. तुम्ही दोनचार दिवस पाहिलं आणि मग तुमच्या तोंडाला खाज सुटली.

"बाई, खुर्ची कपड्याले आनली का?"

"तुमी घरात असता ना जी."

"मंग मी काय दिवसभर तळ्यावर जाऊन बसू?"

"तसं नाई जी. पन तुमच्यासमोर मी खुर्चीवर बसाची नाई. मायी माय काय म्हनन?"

"गुडघा तुया दुखते का तुया मायचा?"

तुम्ही जाळं खांद्यावर टाकलं, पायरी उतरले आणि मागे न पाहता म्हणाले, "मंग मी मेल्यावर बसजो."

असं अभद्र बोलू नका, म्हणून मी ओरडली, पण तोवर तुम्ही चिंचेपर्यंत पोचले होते. तुमची चाल अशी लांब. सहा फुटांचा माणूस, तुमची एक टांग आणि माझ्या दोन. आपल्या आळीत तुमच्या एवढा उंच कोणी नव्हता, आणि माझ्या एवढी बुटकी सून कोणी केली नव्हती. लग्नात बायका म्हणाल्या होत्या, सासरा ताड आणि सून बोरीचं झुडूप.

मग मी आपली ओट्याच्या पायरीवर बसू लागली. तुम्ही वर ओट्यावर जाळं शिवत बसायचे, मी खाली पायरीवर तांदूळ निवडायची. पायरीवर पाय सोडून बसता येतं, गुडघ्याला आराम पडतो, आणि सासऱ्याच्या खाली बसल्याने रीतही राहते. फक्त टेकायला पाठीशी काही नसे, कंबर भरून यायची. पण तो विषय माझ्या लेखी संपला होता. तुमच्या लेखीही संपला असंच मी समजून चालली.

होळीनंतर मी माहेरी गेली, भाच्याच्या बारशाला. परत न्यायला तुमच्या लेकाला सुट्टी नव्हती म्हणून तुम्ही आले. माझं माहेर भद्रावतीच्या अलीकडे, तुम्हाला ठाऊकच आहे. बस स्टँडकडे जाताना रस्त्यात कबाड्याचं दुकान लागलं. खाणीच्या कॉलनीतली साहेब मंडळी बदली झाली की घरातलं सामान काढतात, ते सगळं याच्याकडे येतं. तुम्ही तिथे थांबले ते थांबलेच. कूलरच्या पत्र्यांखालून तुम्ही एक खुर्ची ओढून काढली. हातांची, पाठीला उभ्या पट्ट्या, वरून कोणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलेला. एक हात निखळून लोंबत होता. बसायच्या जागी वेताची जाळी असावी, तिथे आता आरपार भोक होतं. तुम्ही नखाने रंग खरवडला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि कबाड्याला ऐकू जाणार नाही असं मला म्हणाले, "आलापल्लीचा साग हाय."

तुमच्या लेखी जगातला सगळा साग आलापल्लीचा. शाळेचा बाक आलापल्लीचा, सरपंचाचा दरवाजा आलापल्लीचा. मी म्हटलं, "मामाजी, याच्यावर बसाचं कुठी? भोकात?"

"मले बसाले लागते. म्हातारपनी मानसाले एक खुर्ची पायजे."

मला काय, मी म्हटलं घ्या बाप्पा.

त्या बसच्या प्रवासाची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो. कंडक्टर म्हणाला, बाबा, हे टपावर टाका. तुम्ही म्हणाले, टपावर मोडंल. तो म्हणाला, "मोडाचं राह्यलं काय हाय तिच्यात?" सगळी बस हसली. तेव्हा तुम्ही काय करावं? खुर्ची डोक्यावरून घातली, त्या भोकातून मान आणि खांदे वर काढले, आणि चंद्रपूर येईपर्यंत खुर्ची गळ्यात घालून दांडीला धरून उभे राहिले. दोन कॉलेजच्या पोरी मोबाईलवर फोटो काढत होत्या. मी पदर नाकापर्यंत ओढून खिडकीकडे तोंड केलं, जणू हा माणूस माझा कोणी नाहीच. तर तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावरून हाळी दिली, "बाई, उलटी होते का तुले? तोंड पाडून काऊन बसली?"

हसू येते आता. त्या दिवशी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

घरी आल्यावर तुम्ही कामाला लागले. काचेच्या तुकड्याने रंग खरवडायचा, मग पॉलिश पेपर घासायचा. हिरव्या रंगाखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली चॉकलेटी. सकाळी तळ्यावरून आले की अंघोळीआधी तुम्ही खुर्चीपुढे. अंगणभर रंगीत भुसा, कोंबड्या त्यात चोची मारायच्या आणि तुम्ही त्यांना शिव्या द्यायचे. निखळलेला हात सरस लावून बसवला, सुतळीने करकचून बांधून ठेवला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं घरात बजावलं. शेवटी लाकूड उघडं झालं तेव्हा मीसुद्धा जवळ येऊन पाहिलं. मधाच्या रंगाचं लाकूड, त्यात बारीक काळ्या रेघा. तुम्ही जवसाचं तेल चिंधीवर घेऊन चोळत होते आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाय बरं. कबाड म्हने."

मग आली बैठकीची बारी. मी म्हटलं, मूलला खुर्च्या विणणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे टाका. तुम्हाला केवढा राग आला! "मी ढिवर हावो. जन्मभर जाळे विनले. भोक बुजवाले मले मूलचा मानूस लागते का?" नायलॉनचा दोरा काढला, बांबूची सुई काढली, आणि खुर्चीच्या चौकटीत तुम्ही चक्क जाळं विणलं. गाठीला गाठ, भोकाला भोक, एक चूक नाही. पूर्ण झाल्यावर शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. मी माझ्या जागी, पायरीजवळ, पदर दातात धरून उभी. तुम्ही राजासारखे चालत आले आणि बसले.

जाळं ते. पाण्याचा भार आला की झोल देतं, तेव्हाच मासा त्यात राहतो. तुमचा भार आला तसा त्याने झोल दिला. तुम्ही खाली गेले, आणखी खाली गेले, आणि शेवटी फक्त गुडघे, डोकं आणि दोन हात वर राहिले. हलले की जास्तच अडकत होते. आळी हसून लोळायची बाकी. मला पदराआड हसू आवरेना, आणि सासऱ्याला हात देऊन उठवावं तरी पंचाईत. शेवटी मी मागून खुर्चीच तिरपी केली आणि तुम्ही बाजूला गडगडले. धोतर झटकत उठले आणि इतकंच म्हणाले, "जाळ्यात माशाले कसं वाटते, ते आज समजलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जाळं सोडवत बसले होते. तोंड एवढंसं. मी तांदूळ निवडता निवडता म्हटलं, माझा बाप खाटा विणायचा, मी लहानपणी दोरी ओढायला बसायची, खाटेची वीण झोल देत नाही. तुम्ही सुई खाली ठेवली. "मंग सांगून काऊन नाई राह्यली इतके दिवस?" मी म्हटलं, "तुमी इचारलं का?"

अंबाडीची दोरी आणली. खाटेची वीण एकट्याने होत नाही. एकाने दोरी फिरवायची, दुसऱ्याने समोरून ओढून ताणून धरायची. ताण सुटला की सगळं ढिलं. म्हणजे तुम्हाला आणि मला समोरासमोर बसावं लागणार होतं, मध्ये खुर्ची उलटी करून. लग्न झाल्यापासून मी तुमच्या समोर अशी कधी बसली नव्हती. तुम्ही तुमच्यासाठी जमिनीवर पोतं टाकलं आणि माझ्यासाठी धान मोजायचं माप पालथं करून सरकवलं. माप काही खुर्ची नव्हे, म्हणून मी बसली.

दोरी ओढताना दोन्ही हात गुंतलेले. पदर घसरला. तुम्ही ताबडतोब तळ्याकडे तोंड फिरवलं, दोरी तशीच ताणून धरली, आणि मी एका हाताने पदर नीट करेपर्यंत बगळे पाहत बसले. पुन्हा चार फेरे, पुन्हा पदर घसरला. पुन्हा तळं. असं तीनदा-चारदा झाल्यावर तुम्ही तळ्याकडे पाहतच म्हणाले, "राहू दे तो पदर बाई. दोरी ढिली होऊन राह्यली."

मामाजी, तुम्हाला ते वाक्य आठवतही नसेल. माझ्या बापाने मला मुंडावळ्या बांधून या घरी धाडलं, त्याला किती वर्षं झाली. या घरात मी सून आहे हे मी एक क्षण विसरली नव्हती. त्या दुपारी मी उघड्या डोक्याने दोरी ओढत बसली, तुम्ही फेरे टाकत होते, आणि आपण दोघं कशावरून तरी, बहुतेक बाजारातल्या कांद्यावरून, वाद घालत होतो. मी बापाच्या घरी होती असं वाटलं. हे तुम्हाला सांगायचं होतं. कधी सांगणार? सासऱ्याला असं सांगतात का कोणी?

कडेच्या गाठी तुमच्या, जाळ्याच्या. मधली वीण माझ्या बापाची. दगड ठेवून पाहिला, हूं की चूं नाही.

गादीवरून मात्र आपलं जुंपलं. माझं म्हणणं, बाजारातून फोम आणा, मापाचा कापून मिळतो. तुमचं म्हणणं, फोम बुडाला तापतो. तुम्ही जंगलाच्या कडेने फिरून काटेसावरीच्या शेंगा वेचून आणल्या. त्यांचा कापूस उडतो कसा हे तुम्हाला माहीत असून तुम्ही तो घरात फोडला. वरणात कापूस, केसांत कापूस, तुमच्या मिशांत कापूस. खोळीला तुम्ही एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढला, कारण तो मजबूत असतो. मी म्हटलं, माणसाच्या तोंडावर बसायचं का? तुम्ही म्हणाले, "तो आपल्या डोक्यावर बसतेच ना." पण मी ऐकलं नाही. तुमच्या लेकाची जुनी जीन पँट उसवून खोळ शिवली. एक खिसा तसाच राहू दिला. त्या खिशाचा तुम्ही काय उपयोग केला? तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवायला! मी खर्रा फेकते म्हणून खुर्चीच्या गादीत लपवून ठेवायचे आणि वर साळसूद तोंड. आणि फोमच घ्यायला पाहिजे होता, हे मी अजून म्हणते. सावरीच्या गोळ्या होतात.

खुर्ची तयार झाली असं मला वाटलं. एक दिवस मी अंगणवाडीतून आली तर तुम्ही बांबूची कामटी घेऊन पायरी मोजत होते. कामटी पायरीला उभी लावायची, विळ्याने खाच पाडायची. मी विचारलं, "पायरी फोडता का जी?" तुम्ही म्हणाले, "हाव. सिमेटची कराची हाय." कामटी तुम्ही छताच्या बांबूत खोचून ठेवली. सिमेंट काही आलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी आली तर अंगणात खुर्ची पालथी, तुमच्या हातात करवत, आणि बाजूला सागाचे चार तुकडे. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. इतकं सुंदर लाकूड, इतके दिवस चोळलेलं, आणि तुम्ही त्याचे पाय कापून ठेवले! मी पदर-बिदर काही पाहिलं नाही.

"मामाजी, काऊन कापले?"

"उदळी लागली होती."

मी तुकडे उचलून पाहिले. ठणठणीत. वाळवीचं एक भोक नाही.

"कुठी हाय उदळी?"

"आतून लागते ते. दिसत नाई."

"खोटं बोलता."

"उंच होती वो. बसलो का चक्कर येऊन राह्यली होती."

होडीत उभं राहून जाळं फेकणाऱ्या माणसाला खुर्चीवर चक्कर येते! मी तुमच्या लेकाकडे तक्रार केली. तो म्हणाला, बाबाची खुर्ची आहे, बाबा पाहतील. मी दोन दिवस तुम्हाला ताट वाढलं पण "घ्या" म्हटलं नाही. तुम्ही तेही जेवले. ते चार तुकडे तुम्ही तांदळाच्या कोठीखाली लावले, ओल लागू नये म्हणून. अजून तिथेच आहेत. काल पाहिले. उदळी नाही.

त्या दिवसापासून खुर्ची ओट्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मायी खुर्ची, आलापल्लीचा साग. लोक म्हणायचे, बसून दाखवा. तुम्ही बसले की गुडघे छातीशी यायचे. मिनिटभरात उठून खाली जमिनीवर बसायचे आणि खुर्चीला पाठ टेकवून जाळं शिवायचे. रोज तसंच. मी पायरीवरून टोमणे मारायची, "पाय कापले, आता बसा खाली." तुम्ही खिशातून खर्रा काढायचे आणि ऐकलंच नाही असं करायचे. पावसाळाभर आणि त्याच्यानंतरही ती खुर्ची मोकळीच राहिली.

धान कापणीला आलं होतं तेव्हाची सकाळ. तुम्ही तळ्यावरून आले. त्या दिवशी तुम्ही खाकरले नाही. मला नंतर लक्षात आलं, की पायरीवर पावलं वाजली पण खाकरणं नाही. ओट्यावरूनच म्हणाले, "बाई, च्या ठेव." मी काळा चहा घेऊन बाहेर आली तर तुम्ही नेहमीसारखे खाली बसलेले, खुर्चीला टेकून, मान किंचित खुर्चीच्या हातावर. मला वाटलं डुलकी लागली. मी चहा खाली ठेवला आणि हळूच म्हटलं, "मामाजी, च्या." मग जोरात म्हटलं. मग पहिल्यांदा तुमच्या खांद्याला हात लावला.

पुढचं तुम्हाला सांगून काय करू.

आता तेरवीचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही. आपल्यात गेलेल्या माणसाची वापरती वस्तू घरात ठेवत नाहीत, भाऊबंदांत देतात. छत्री गेली, चपला गेल्या, खाट गेली. ताराबाई म्हणाल्या, "आता बाबाची खुर्ची राह्यली. वासुदेवभाऊले द्या, त्याहीचीच उंची बाबासारखी हाय." वासुदेवभाऊजी तुमचे पुतणे, माझे मोठे दीर म्हणजे भासरे, त्यांचा हक्क, आणि मी सून, मी काय बोलणार? मी पायरीवर बसून पत्रावळी लावत होती, एक पाय लांब करून. हातातल्या पत्रावळी मला दिसेनात. ती दोरी मी ओढली होती. ती खोळ मी शिवली होती. जाऊ नये, जाऊ नये, एवढंच डोक्यात चाललं होतं, आणि हात पत्रावळीवर पत्रावळ ठेवत होते. तुमच्याशी एवढी भांडणारी मी. पण भांडायला तुम्हीच नव्हते.

वासुदेवभाऊजी बसले. गुडघे हनुवटीला. तेरवीच्या मंडपात लोक हसले, मामाजी. तुम्हीही हसले असते. भाऊजी गोंधळून म्हणाले, "मोठेबाबाची खुर्ची अशी बुटकी काऊन वो? मोठेबाबा त मायाहून उंच." ते उठले. दुसऱ्या एकाला बसवलं, त्याचंही तेच.

ताराबाई खुर्चीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पायरीकडे पाहिलं. माझ्या लांब केलेल्या पायाकडे पाहिलं. तुमची लेक आहे, तिला तुमच्यासारखंच उशिरा पण नेमकं दिसतं.

"वैनी, इकडे ये. बस याच्यावर."

"ना बाई. भासरे हायेत समोर."

"मी सांगून राह्यली ना."

मी उठली, पण पायरीजवळच उभी राहिली. तेव्हा वासुदेवभाऊजींनी काय केलं माहीत आहे? तळ्याकडे तोंड फिरवलं. त्यांचं पाहून बाकीच्या पुरुषांनीही फिरवलं. सगळा मंडप बगळे पाहत उभा. ही खोड तुमच्या घराण्यातलीच दिसते. मला रडू फुटलं आणि मी तशीच रडत जाऊन बसली.

मामाजी, पाय टेकले.

दोन्ही पाय. पूर्ण. ना लोंबले, ना गुडघा वर आला. पायरीवर टेकतात अगदी तसे, आणि पाठीला सागाच्या पट्ट्या. मी उठली, आत गेली, छताच्या बांबूतली कामटी काढून आणली. आधी पायरीला लावली. मग खुर्चीला लावली, गादी हाताने दाबून. तीच खाच. ताराबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. वासुदेवभाऊजी पाठमोरेच म्हणाले, "आमाले नोको ते खुर्ची. ते आमच्या मापाची नाई."

म्हणजे कबाड्याच्या दुकानापासूनच. बसमध्ये गळ्यात घालून उभे राहिले तेव्हाही. आणि मी तोंड फिरवून बसली होती, हा माणूस माझा कोणी नाही म्हणून.

आता मी भांडते, ऐका. सांगून काऊन नाई दिलं जी? एक शब्द बोलले असते. पन तुमी काय बोलनार होते, बाई, तुया गुडघ्यासाठी केली? मी बसली नसती. तुमाले ते ठावं होतं. सासऱ्याने सुनेसाठी खुर्ची केली म्हटल्यावर आळी हसली असती, आणि मी आणखी खाली सरकून बसली असती. म्हणून मायी खुर्ची, मायी खुर्ची करत राह्यले. आणि रोज खाली बसून तिले टेकत राह्यले, कोनी दुसरं बसू नये म्हनून. आणि मी तुमाले टोमणे मारत राह्यली. हे भांडन तुमी जिंकले, आणि जिंकून पळून गेले, हे काही बरं नाई केलं.

खिशात तुमची अर्धी खर्र्याची पुडी निघाली. फेकायला उठली होती. परत ठेवली.

हे सगळं मी तिच्यावर बसूनच लिहिते आहे. ओट्यावर, तळ्याकडे तोंड करून, उघड्या डोक्याने. गुडघा दुखत नाही. पण सवय वाईट, मामाजी. दुपारपासून दोनदा उठून उभी राहिली. एकदा रस्त्याने कोणी खाकरलं, एकदा तर नुसतं कुत्रं शिंकलं. उभी राहून पदर घेतला, दाराकडे पाहिलं, आणि मग पुन्हा बसली.

आता नाही उठणार. तुमची शपथ. एकदा खाकरून तर पाहा.